आवाज ऐकवून मेंदूतलं सेरोटोनिन मोजता येतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही पारोळा तालुक्यातले. माझा लहान भाऊ ३४ वर्षांचा आहे. घरची कापसाची शेती, आणि हंगामात तो गेली कित्येक वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला जातो. दिवाळीपासून गप्प गप्प आहे. जेवण कमी झालंय, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो, विचारलं तर 'माले काहीच गोड लागत नही' एवढंच म्हणतो. आईने आधी भगताकडे नेलं. मग धुळ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं आणि एस्सिटालोप्राम १० ची गोळी दिली. पाच आठवडे झाले, फार फरक नाही. मोठा आवाज तर त्याला सहनच होत नाही. परवा लग्नात डीजे सुरू झाला तसा कानावर हात ठेवून मांडवातून निघून गेला. माझा मुलगा पुण्याला शिकतो. त्याने नेटवर वाचलं की आवाज ऐकवून मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन मोजायची तपासणी असते, आवाज सहन न होणं हे सेरोटोनिन कमी असल्याचंच लक्षण असतं, आणि कोणती गोळी लागू पडेल तेही त्यातून कळतं. एका मोठ्या शहरातलं 'ब्रेन मॅपिंग'चं सेंटर पंधरा हजार सांगतंय. कापसाचे पैसे हातात आहेत. तपासणी करावी का? आणि रिपोर्ट येईपर्यंत गोळी बंद ठेवावी का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. गोळी बंद करू नका. एस्सिटालोप्राम एकदम थांबवली की चक्कर येते, चिडचिड वाढते, झोप आणखी बिघडते, अंगात झटके बसल्यासारखं होतं. मग घरच्यांना वाटतं आजार वाढला. कमी करायची असो की बदलायची, ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि सावकाश करायचं.

पंधरा हजारांचं म्हणाल तर ते जवळच राहू द्या. पण नुसतं 'नको' म्हणून मी सुटणार नाही, कारण तुमच्या मुलाने वाचलंय ते सगळंच खोटं नाही. मामासाठी त्याने शोधाशोध केली, त्यात त्याच्या हाती एक खरा आणि फार सुरेख विषय लागलाय. फक्त तो विषय अजून प्रयोगशाळेत आहे, आणि सेंटरवाले त्याचं दुकान मांडून बसलेत.

१९९३ साली उल्रिच हेगर्ल आणि गेऑर्ग युकेल या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी एक कल्पना मांडली. डोक्याला इलेक्ट्रोड लावून माणसाला हेडफोनमधून 'टूं' असा एकाच सुराचा आवाज ऐकवायचा, कधी हळू, कधी मोठा. बहुतेक ठिकाणी हा सूर १००० हर्ट्झचा असतो आणि पातळ्या साधारण ६० पासून १०० डेसिबलपर्यंत चढत जातात. माणसाने काही करायचं नसतं, स्वस्थ बसून ऐकायचं. आवाज कानी पडल्यावर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मेंदूच्या लहरीत खाली एक खड्डा उमटतो आणि पाठोपाठ एक उंचवटा. खड्ड्याला एन-१ म्हणतात, उंचवट्याला पी-२. हे दोन्ही इतके बारीक असतात की एका आवाजावरून दिसतच नाहीत, मेंदूच्या चालू खळबळीत बुडून जातात. म्हणून प्रत्येक पातळीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. खळबळ दर वेळी वेगळी असते, ती सरासरीत विरते. आवाजाला दिलेलं उत्तर दर वेळी त्याच जागी येतं, ते उरतं.

आता मुख्य गंमत. आवाज वाढवत नेला की एन-१ ते पी-२ ची उंची वाढते. पण सगळ्यांची सारखी वाढत नाही. कुणाची भराभर चढते, कुणाची जेमतेम. त्या चढणीचा जो उतार निघतो, म्हणजे ती किती उभी आहे त्याचं माप, तोच या तपासणीचा निकाल. तिला 'लाउडनेस डिपेंडन्स' म्हणतात, पूर्ण नाव लांबलचक आहे म्हणून संशोधक एलडीएईपी अशी अक्षरं वापरतात.

यात सेरोटोनिन कुठून आलं? मेंदूच्या बुंध्याशी राफे नावाची केंद्रं आहेत. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी तिथे असतात आणि त्यांचे धागे मेंदूभर पसरतात. कानाकडून येणारा आवाज मेंदूच्या बाहेरच्या थरात जिथे पहिल्यांदा उतरतो, त्या प्राथमिक श्रवणकेंद्रात हे धागे विशेष दाट आहेत. हेगर्ल-युकेल यांचं म्हणणं असं की हे धागे तिथे आवाजावर लगाम ठेवतात. सेरोटोनिनचं काम व्यवस्थित चालू असेल तर आवाज कितीही चढला तरी मेंदूचं उत्तर बेताने वाढतं. लगाम सैल पडला की उत्तर उसळतं, उतार तीव्र होतो. म्हणजे तीव्र उतार दिसला तर सेरोटोनिनचं काम कमी, असा उलटा हिशोब. नव्वदच्या दशकातच त्यांच्या गटाने मांजरांवर प्रयोग केले. राफेतल्या पेशी औषधाने दाबल्या तर प्राथमिक श्रवणकेंद्रातला उतार वाढला, आणि शेजारच्या दुय्यम केंद्रात तसं काही झालं नाही. हा पुरावा मला आजही वजनदार वाटतो.

पुढची पायरी स्वाभाविक होती. उतार तीव्र असलेल्या डिप्रेशनच्या रुग्णाला सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे एसएसआरआय, जास्त लागू पडतील का? तुमच्या भावाची एस्सिटालोप्राम याच गटातली. बऱ्याच लहान अभ्यासांत उत्तर 'हो' आलं. उतार मंद असलेल्यांना नॉरअॅड्रेनॅलिन या दुसऱ्या रसायनावर काम करणारी रिबॉक्सेटिन नावाची गोळी बरी पडते, असंही दिसलं. तुमच्या मुलाने वाचलंय ते बहुधा इथपर्यंतचं.

इथून पुढची कथा जाहिरातीत येत नाही. हा उतार खरंच सेरोटोनिन दाखवत असेल, तर निरोगी माणसाचं सेरोटोनिन औषधाने वर-खाली केल्यावर तोही हलायला हवा. तसे प्रयोग झाले. स्वयंसेवकांना एसएसआरआयचा एकच डोस दिला, तेव्हा काही ठिकाणी उतार कमी झाला, काही ठिकाणी जागचा हलला नाही. ट्रिप्टोफॅन म्हणजे सेरोटोनिनचा कच्चा माल. आहारातून तो मुद्दाम तोडून पाहिला, तरी बहुतेक प्रयोगांत म्हणावा तसा बदल दिसला नाही. २००८ मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा निघाला, त्याचाही सूर सावधच होता. शिवाय या उतारावर एकट्या सेरोटोनिनची मालकी नाही. डोपामाइन, ग्लुटामेट या मेंदूतल्या इतर रसायनांचाही हात लागतो. वय, बाई की पुरुष, इलेक्ट्रोड कुठे लावले, कोणत्या गणिताने उतार काढला, या सगळ्याने आकडा बदलतो. 'इतक्याच्या वर म्हणजे कमी सेरोटोनिन' अशी जगाने मान्य केलेली रेषा आजही नाही. साखरेला आहे, थायरॉइडला आहे, याला नाही. मग सेंटरवाले रिपोर्टवर 'लो' कशाच्या आधारावर छापणार?

आणि समजा संशोधन अगदी पक्कं निघालं, तरी एक अडचण उरते. ती तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर पाऊस पुरेसा दिसला म्हणून पीक विम्याला नकार यायचा, आणि इकडे तुमच्या शिवारात ढेकूळही भिजलेलं नसायचं. संशोधनातले हे आकडे त्या मापकासारखे आहेत. शंभर रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली की सरासरीत फरक दिसतो. तुमच्या एका भावाचा आकडा कुठेही पडू शकतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो शब्द सेरोटोनिन नव्हे, जिनिंग. हंगामभर रोज आठ-आठ, दहा-दहा तास त्या मशीनच्या आवाजात, तेही कित्येक वर्षं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास वर्षानुवर्षं कानावर पडला की कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मरत जातात, आणि त्या परत येत नाहीत. अशा कानाचं एक विचित्र वागणं असतं, त्याला रिक्रूटमेंट म्हणतात. हळू आवाज ऐकूच येत नाही, आवाज थोडा वाढला की ऐकू येतो, आणि आणखी थोडा वाढला की एकदम असह्य होतो. घरातले म्हणतात, 'हाक मारली तर ओ देत नाही, आणि जरा मोठ्याने बोललं तर अंगावर येतो.' भावाचं असं होतं का, आठवून पाहा. पानाच्या टपरीवर, बाजारात, चार माणसांत त्याला बोलणं नीट कळतं का? कानात सतत 'सूंऽऽ' आवाज येतो का? हे त्याला विचारा, कारण आपण होऊन तो सांगणार नाही.

कानच बिघडला असेल तर एलडीएईपीचा आकडाही बिघडतो, कारण मेंदूपर्यंत पोचणारा आवाजच वेडावाकडा असतो. चांगले संशोधक म्हणूनच आधी प्रत्येकाचे कान तपासून घेतात. तुम्ही मात्र पंधरा हजार मोजून कानाचा दोष सेरोटोनिनच्या नावावर विकत घ्याल. त्याऐवजी धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. तिथे खर्च फारसा नाही.

कान ठणठणीत निघाले तरी आवाज नकोसा वाटण्याला सेरोटोनिनच लागतं असं नाही. महिनोन्महिने पहाटे तीनला जागणाऱ्या कुणालाही डीजे सोसणार नाही. डिप्रेशनमध्ये, घबराटीच्या आजारात, अर्धशिशीत आवाज टोचतो. आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या वरातींतला डीजे निरोगी माणसालाही सोसत नाही. आपण फक्त कानावर हात ठेवून निघून जायची हिंमत करत नाही. इथे मुलाच्या समजुतीत एक घोळ आहे तोही सांगतो. एलडीएईपीचा उतार म्हणजे 'याला आवाजाचा त्रास किती होतो' याचं माप नाही. उतार तीव्र असून माणूस मजेत ढोल वाजवत असू शकतो. त्रास ही अनुभवाची गोष्ट, उतार ही लहरींची.

आता 'सेरोटोनिन कमी' या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते आम्हा डॉक्टरांनीच पसरवलंय. रुग्णाला सांगायला सोपं पडतं म्हणून. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनांचा मोठा आढावा घेतला. डिप्रेशन कमी सेरोटोनिनमुळे होतं याला सलग, ठाम पुरावा सापडला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर भांडणं झाली, अजून चालू आहेत. पण गोळ्या उपयोगी पडतात की नाही हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. २०१८ मध्ये २१ डिप्रेशनविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सगळीच औषधं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फरक प्रचंड नाही, पण खरा आहे. ताप पॅरासिटामॉलने उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला होता असं आपण म्हणत नाही.

रक्तातलं सेरोटोनिन तपासून देतो म्हणणाराही कुणी भेटेल. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं बहुतेक प्लेटलेट्समध्ये, आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. केळीतही सेरोटोनिन भरपूर असतं. खाल्लेलं सेरोटोनिन डोक्यात पोचत असतं तर केळीच्या रावेर-यावलमध्ये माझ्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञाचं दार कुणी वाजवलं नसतं!

सेंटरबद्दल थोडक्यात. 'ब्रेन मॅपिंग' म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा एलडीएईपी नसतंच. साधा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढून संगणकाने लाल-निळे डाग रंगवलेले असतात. ईईजी ही उत्तम तपासणी आहे, पण मुख्यतः फिट्स येणाऱ्यांसाठी. तरी मुलाला फोन करायचाच असेल तर त्याने एवढंच विचारावं: रिपोर्टमध्ये कोणता आकडा येणार, आणि त्या आकड्यावरून गोळी बदलायची शिफारस तुमचे डॉक्टर सहीनिशी लिहून देतील का? पलीकडून बहुधा पॅकेजची माहिती सुरू होईल.

आवाज ऐकवून मेंदूची लहर टिपणारी तपासणी म्हणजे फसवणूक, असं मात्र मनात धरू नका. बेरा नावाची तपासणी तशीच आहे. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का हे त्याला विचारता येत नाही, म्हणून झोपेत आवाज ऐकवून सेकंदाच्या पहिल्या शंभराव्या भागातल्या लहरी बघतात. तिथे प्रश्न सरळ आहे, आवाज पोचला की नाही, आणि उत्तरही तितकंच सरळ मिळतं. 'मनाला कोणती गोळी मानवेल' हा प्रश्न तसा नाही.

आता भावाकडे येऊ. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा ते आठ. १० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस आहे. पाच आठवड्यांत फार फरक नाही म्हणजे गोळी हरली असा अर्थ होत नाही, पण नुसतं थांबून राहायची वेळही ही नाही. डोस वाढवायचा की गोळी बदलायची हे ठरवायला आताच परत जायला हवं. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिल्याच गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश निघाले. बाकीच्यांना दुसरी, तिसरी पायरी चढावी लागली. सेरोटोनिन न मोजताही आम्ही गोळी कशी निवडतो, तर अशी: लक्षणं बघून, आधी काय लागू पडलं, घरात कुणाला काय लागू पडलं ते विचारून, आणि मग पायरी पायरीने. दिसायला हे ओबडधोबड आहे खरं, पण सध्या यापेक्षा चांगलं कुणाकडे नाही.

जाताना डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगा. गोळी रोज घेतली का, की उपवासाच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी सुटली. दारू घेतो का. घेत असेल तर किती, लाजू नका. पूर्वी कधी आठवडाभर झोप न घेता, अंगात वारं भरल्यासारखा, मोठमोठे बेत करत, पैसे उधळत हिंडला होता का. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तो आजार वेगळा असतो आणि त्यात ही गोळी एकटी दिली तर उलटू शकते. जिनिंगचं आणि कानाचं सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या झाल्या नसतील तर कराव्यात का, विचारा. आणि बोलून करायचे उपचार, समुपदेशन, गोळीच्या जोडीला कुठे मिळतील, तेही विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच करायची. कापसाच्या घरात फवारणीची औषधं असतात. ती सगळी गोळा करून कुलपात टाका, शक्यतो दुसऱ्याच्या घरी, आणि किल्ली भावाला माहीत नसलेल्या जागी. त्याच्या गोळ्यांची पाकिटंही वहिनीकडे किंवा तुमच्याकडे राहू द्या, रोजची रोज द्या. मग त्याला एकटं गाठून सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का रे?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट इतके दिवस आत दाबलेलं बाहेर येतं. 'हो' म्हणाला, किंवा नुसता खाली बघत राहिला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलला न्या. रात्रीबेरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

भावाला भगताकडे नेल्याबद्दल आईंना कुणी बोलू नये. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. गोळी चालू ठेवून त्यांना कानबाई देवीला नवस बोलायचा असेल तर खुशाल बोलू द्या.

आणि पुढच्या लग्नांना त्याला ओढून नेऊ नका, पण घरी एकटा ठेवूनही जाऊ नका. हळदीला, जेवणाला थोडा वेळ येऊ दे, वरात निघायच्या आत कुणीतरी त्याला घेऊन घरी परतावं. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते खिशात असू द्या. पुढच्या हंगामात तो जिनिंगला गेला तर तेच बोळे तिथेही घालायला सांगा, आणि मालकाकडे कानावर बसणारे इअरमफ मागा. कामगाराला ते देणं मालकाचं काम आहे.